चाक फिरलं की उठायचं

चेतना मारबतेचं चाकाशी जुनं वैर होतं. चाक म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर मधोमध गरगरणारं ते करडं कडं. पान अजून उघडलेलं नाही, थांबा, एवढंच ते सांगतं आणि किती थांबायचं ते सांगत नाही. बारावी झाल्यावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी ती गावाबाहेर नदीकाठच्या उंबराखाली उभी राहिली होती, कारण गावात रेंज मिळायची ती तेवढ्याच जागी. दुपारभर चाक फिरलं. संध्याकाळभर फिरलं. मुदत संपली आणि मग पान उघडलं. मुदत संपली आहे, असं त्यावर व्यवस्थित लिहिलेलं होतं.

ते वर्ष वाया गेलं. चेतनाने ते आईबरोबर नदीपात्रातल्या डांगरवाडीत काढलं. तिच्या गावचे ढिवर लोक पावसाळ्यात वैनगंगेत मासे धरतात आणि उन्हाळ्यात पात्र आटलं की त्याच पात्रातल्या रेतीत खड्डे करून टरबुजं नि डांगरं लावतात. पीक उभं असेपर्यंत अख्खं कुटुंब रेतीवरच झोपड्या घालून राहतं. सावली म्हणून गवताचा मांडव, प्यायला रेतीत खणलेल्या झिऱ्याचं पाणी आणि डोक्यावर वरच्या धरणाची टांगती तलवार. नदी झोपलेली दिसते, पण तिला जागं करायची किल्ली वर कोणाच्या तरी हातात असते.

धरणातून पाणी सोडलं की भोंगा वाजायचा, पण नदीच्या पहिल्या वळणापलीकडे तो कोणाला ऐकू आल्याचं कोणी सांगत नसे. त्यामुळे भरवसा मोबाइलवरच्या पानाचा. खात्याने धरणाचं एक पान केलेलं होतं, त्यावर ‘सध्याचा विसर्ग’ असा शब्द आणि पुढे आकडा. शून्य असला तर निवांत. आकडा आला तर सामान उचलून काठावर. आणि पान उघडलंच नाही, चाकच फिरत राहिलं, तर? त्यासाठी डांगरवाडीचा एक कायदा होता, कोणी न लिहिलेला. चेतनाचे वडील फागोजी तो नव्या सुनांना पहिल्याच दिवशी सांगत. “चाक फिरलं का उठाचं. पुसाचं नाई, बसाचं नाई. पोरगं काखेत माराचं अन् काठावर चढाचं.”

बहुतेक वेळा उगाचच चढावं लागे. चढून, तासभर उन्हात बसून, रेंजला शिव्या घालून लोक परत उतरत. पण ज्या दिवशी खरोखर पाणी सुटायचं त्या दिवशी नदीकाठचं प्रत्येक गाव तेच पान उघडायला धावायचं, गावाबाहेरच्या एकुलत्या टॉवरचा जीव घाबरा व्हायचा आणि चाक हमखास फिरायचं. हे कारण डांगरवाडीत कोणाला ठाऊक नव्हतं. कायदा मात्र ठाऊक होता, आणि त्या कायद्याने वर्षानुवर्षं एकही माणूस नदीला दिला नव्हता.

चेतनाला त्या चढण्याचा राग यायचा. शहरातल्या पोरांना पान झटक्यात उघडतं म्हणून ती एसीत बसतात आणि आम्ही चाक बघून पळतो, असं तिला वाटे. वर्ष वाया गेलं तरी पोरगी हटली नाही. पुढच्या वर्षी तिने मुदतीच्या आधी अर्ज भरला, नागपूरला शिकली आणि अशा कंपनीत लागली जिचं कामच मुळी पानं लवकर उघडून देण्याचं होतं.

एव्हाना काळ असा आला होता की तलाठी, बँकेचा बाबू, मास्तर नि डॉक्टर सगळे मोबाइलच्या पानांत जाऊन बसले होते. खिडक्या बंद झाल्या होत्या. रेशनपासून दाखल्यापर्यंत जे हवं ते पानावर मागायचं. टॉवर वाढले, लहरी वेगवान झाल्या, पण पानंही त्याच प्रमाणात सुटत गेली. एका पानात चित्रं, हलती चित्रं, जाहिराती, पाळत ठेवणारे हेर असा सगळा संसार. मोबाइल टॉवरला विचारतो, टॉवर दूरच्या यंत्राला विचारतो, ते यंत्र आणखी चार यंत्रांना विचारतं आणि उत्तरं तुकड्यातुकड्यांनी परत येतात. पान हलकं करा, तुकडे जवळच्या यंत्रात साठवून ठेवा, जे आधी दिसायचं ते आधी पाठवा, हे सगळे उपाय करून झाले होते. शहरात चाक जवळजवळ मेलं होतं. खेड्यात ते जिवंत होतं.

चेतनाने तोड काढली ती वेगळीच. तिने म्हटलं, पान येण्याची वाटच कशाला बघायची? टपरीवाला आपल्याला कोपऱ्यावर बघूनच चहा ओततो, मागायची वाट बघत नाही. तसं मोबाइलनेही करावं. एखाद्या पानाची आधीची हजारो रूपं शिकलेली एक छोटी बुद्धी मोबाइलमध्येच ठेवायची. माणसाने बोट लावलं की तिने पान स्वतःच्या मनानेच रंगवून दाखवायचं, अगदी आकड्यांसकट. काल काय होतं, गेल्या वर्षी या दिवसांत काय होतं, यावरून आज काय असेल त्याचा अंदाज. मागून खरं पान येतंच आहे. ते आलं की जिथे फरक असेल तेवढाच गुपचूप बदलायचा, तोही डोळ्याचं पातं लवायच्या आत. तिने त्याचं नाव ठेवलं ‘अदमास’.

सुरुवातीला अदमासने रंगवलेल्या शब्दांखाली एक फिकट रेघ असे. हे अजून पक्कं नाही, असा तिचा अर्थ. लोकांना ती रेघ आवडली नाही. रेघ दिसली की ते थांबत, पुन्हा पुन्हा बोट लावत, वैतागत. मग चेतनाने रेघ काढून टाकली. त्या दिवशी तिला जे वाटलं ते विजयापेक्षा कमी नव्हतं. उंबराखालचं ते चाक तिने स्वतःच्या हाताने पुरलं होतं.

अदमास सरकारी पानांना लागला तेव्हा फागोजींचा आपणहून फोन आला. एरवी ते तिचाच फोन यायची वाट बघत.

“बाई, चाक येतच नाई आता. बोट ठेवलं का पान हजर.”

“बरं झालं ना, बाबा?”

“बरं म्हंजे! तुयी माय म्हनते, हे उन्हाळाभर एकदाबी चढावं लागलं नाई. झोप लागते. मी सगळ्याइले सांगतलं, माह्या पोट्टीनं केलं म्हनून.”

मागून आईचा, भागरताबाईचा आवाज आला. “तिले म्हना, टरबूज पाठवून रायलो. कापून पाह्य आधी, मंग वाट लोकाइले.” चेतना हसली. टरबूज आलं, तिने ते कापून ऑफिसात वाटलं आणि सगळ्यांनी आईला दुवा दिला.

अदमासमधलं भोक सापडलं ते योगायोगाने. अदमासचे अंदाज किती बरोबर निघतात ते कंपनी रोज मोजत असे, आणि ते इतके बरोबर निघत की ते सांगताना साहेब लोकांचा आवाज चढे. मोजायची रीत साधी होती. खरं पान आलं की मोबाइल त्याच्याशी आपला अंदाज ताडून बघायचा आणि चुकलं असेल तर तसं कळवायचा. एका सकाळी चहाचा कप घेऊन चेतना नकाशा बघत होती. सगळ्यांत वेगाने पानं कुठे उघडतात ते त्यावर हिरव्या ठिपक्यांनी दिसे; वेगाची ती नोंद मोबाइल रेंज आली की मागाहून पाठवायचा. तिला वाटलं होतं, पुणं चमकेल, नागपूर चमकेल. चमकत होती ती नदीची खोरी, घाटातली गावं, मेळघाट. जिथे रेंज नाही ती गावं सगळ्यांत हिरवी.

कप तसाच राहिला. तिला उलगडा व्हायला वेळ लागला नाही. जिथे रेंज नाही तिथे खरं पान येतच नव्हतं. आलंच नाही तर ताडून बघायचं कशाशी? मोबाइल गप्प बसायचा, आणि गप्प बसलेला मोबाइल चुकांत धरला जात नव्हता. परीक्षेलाच न बसलेल्या पोराला नापासांत मोजत नाहीत, तसं. त्या गावांत लोक तासन्‌तास नुसता अंदाज वाचत होते आणि त्याला बातमी समजत होते.

ती तडक अभिराम केळापुरेंकडे गेली. केळापुरे तिचे वरिष्ठ, माणूस वाईट नव्हता. तिने सांगितलं ते त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“म्हणजे रेघ परत आणायची?” त्यांनी विचारलं.

“रेघ नाही, चाक. खरं पान ठरावीक वेळात आलं नाही तर अंदाज पुसून चाक दाखवायचं.”

“चेतना, सोमवारी राज्याच्या सगळ्या पानांचा करार आहे. आपण त्यांना काय विकतोय? चाक नाही, हेच ना? सोमवारी सकाळी त्यांच्यासमोर निम्म्या महाराष्ट्रात चाक फिरवू?”

“पण सर, चुकीचं काही दिसलं तर?”

“आजवर दिसलंय का? एक तक्रार दाखव.” तिच्याकडे तक्रार नव्हती. तक्रार करायलाही पान उघडावं लागतं. “आठवडा दे मला,” केळापुरे म्हणाले. “करार झाला की पहिलं काम हेच. शब्द देतो.”

आणि चेतनाने आठवडा दिला. यात केळापुऱ्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. त्यांना डांगरवाडी माहीत नव्हती, चाक फिरलं की माणसं उठतात हे माहीत नव्हतं. तिला माहीत होतं आणि तिने ते सांगितलं नाही. का, तर तिच्या मनात ती गोष्ट कधी या खोलीपर्यंत आलीच नव्हती. चाक म्हणजे खोळंबा, हे तिच्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की चाक हेही एक उत्तर असतं, हे तिला सुचलं नाही. शिवाय वैशाख चालू होता. पात्रात धुरळा उडत होता. या दिवसांत धरण कशाला पाणी सोडेल?

तरी घरी फोन केला तो थोडी धाकधूक वाटली म्हणूनच. फागोजींनी नेमका तोच विषय काढला.

“बाई, ते आपली म्हातारी गिरजाबुडी लय डोकं खाते. म्हनते, चाकच दिसत नाई तं उठाचं कवा? मी म्हनलं, दिसतं ते खरं असते. खरं असते ना?”

ऑफिसच्या काचेबाहेर ऊन रणरणत होतं. नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. पण बाबांच्या आवाजात जो तोरा होता तो तिने लहानपणी कधी ऐकला नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांपुढे वाकलेला माणूस गावात मान वर करून सांगत होता की माह्या पोट्टीनं केलं. तो तोरा मोडणं तिच्या जिवावर आलं.

“शंभरात नव्याण्णव वेळा खरं असतं, बाबा.”

“मंग झालं तं. डाक्टरबी इतलं सांगत नाई.”

“जरा जपून राहा मात्र,” ती म्हणाली. जपून राहा, हे काय, सगळ्याच लेकी सगळ्याच बापांना सांगतात. फागोजी हो म्हणाले आणि टरबुजांच्या भावाचं बोलायला लागले.

शुक्रवारी दुपारी वरच्या जिल्ह्यात गारपीट झाल्याची बातमी कोणीतरी ऑफिसात मोठ्याने वाचली. गारांच्या मागोमाग ढगफुटीसारखा पाऊस, असंही त्यात होतं. चेतनाने खिशातून मोबाइल काढून धरणाचं पान उघडलं. झटक्यात उघडलं. सध्याचा विसर्ग : शून्य.

तिने नजर हलवली नाही. शून्य जागचं हललं, आणि तिथे एक भलामोठा आकडा आला. बाजूला लाल अक्षरं आली, सर्व दरवाजे उघडले आहेत, पात्रातील नागरिकांनी त्वरित बाहेर पडावे. धरणाने आपलं काम चोख केलं होतं. नागपुरात रेंज होती म्हणून तिच्या मोबाइलने चूक पातं लवायच्या आत पोटात घातली होती. दुसऱ्या कोणी ते शून्य पाहिलंही नसतं.

तिने बाबांना फोन लावला. संपर्क होऊ शकत नाही. आईला लावला. संपर्क होऊ शकत नाही. म्हणजे टॉवर कोंडला होता, म्हणजे डांगरवाडीत या घडीला प्रत्येक मोबाइलवर ते शून्य ठाण मांडून बसलं होतं. तिने पोलीस ठाण्याला फोन केला, तिथून गाडी निघाली म्हणाले, आणि गाव तिथून किती दूर आहे ते तिला पाठ होतं. मग ती टेबलाशी धावली. कोणाला न विचारता तिने त्या खोऱ्यातला अदमास बंद केला. चाक परत आणा, असा हुकूम तिच्या बोटाखालून सुटला आणि पडद्यावर त्याची पोच आली नाही. कारण तो हुकूमही त्याच टॉवरवरून जायचा होता. पोचेची वाट बघायला लावणारं एक करडं चाक तिच्या पडद्यावर फिरत राहिलं.

तिकडे काय झालं ते तिला बाबांकडून कळलं, जिल्ह्याच्या दवाखान्याबाहेरच्या ओट्यावर बसून. वरच्या अंगाला आभाळ काळं झालेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. गिरजाबुडी गाठोडं बांधून उभी राहिली. म्हणाली, चला वर. फागोजींनी मोबाइल काढला, बोट ठेवलं. शून्य. त्यांनी पडदा प्रत्येकापुढे धरला. चाक फिरत नाई, पाहून घ्या, म्हणाले. टरबुजं तोडायला आलेली होती आणि टेम्पो येणार होता. बुडी गाठोडं सोडून पुन्हा खाली बसली. टेम्पो दिसतो का ते बघायला फागोजी काठावर चढले, म्हणून ते उरले. मागे वळून पाहिलं तेव्हा नदी आपल्या जागी आली होती.

भागरताबाई दोन कोस खाली सापडल्या. गिरजाबुडी सापडली नाही. आणखी चार घरांतली माणसं गेली.

“मीच दाखवलं सगळ्याइले,” फागोजी म्हणाले. “बुडी उठली होती. मीच बसवलं तिले.”

हे चेतनाला सहन होईना. “बाबा, मला माहीत होतं,” ती म्हणाली. “तुम्ही विचारलं त्याच्या आधीच मला कळलं होतं. रेंज नसली की ते पान मनानेच लिहितं. मला माहीत होतं, आणि तरी मी तुम्हाला ‘खरं असतं’ म्हणाले.”

फागोजींनी तिच्याकडे पाहिलं. ते उठले, आणि प्रेत ताब्यात द्यायला बोलावत होते तिकडे गेले. त्यानंतर घरात ते तिच्याशी बोलले नाहीत. रागावलेही नाहीत. तिने वाढलेलं जेवले, तिने दिलेलं पाणी प्यायले. चेतनाला वाटे, त्यांनी एकदा हात उगारावा.

केळापुऱ्यांचा फोन आला. त्यांचा आवाज बसलेला होता. आईबद्दल ते मनापासून बोलले, आणि मग अडखळत म्हणाले, “तुला दोष येणार नाही, चेतना. आपण तपासलं. त्या दुपारी तुमच्या खोऱ्यात अदमासची एकही चूक नोंदलेली नाही. उलट पानं कधी नव्हती एवढी वेगाने उघडली.” तिने खोऱ्यात बंद केलेला अदमास पुन्हा चालू झाला होता आणि करार सोमवारी ठरल्याप्रमाणे झाला होता. चाकाचं बघू म्हणाले, वरून जरा विरोध आहे. तिने राजीनामा देते म्हटलं. ते हो म्हणाले. अदमास तिच्यावाचूनही चालणार होता.

दहाव्याला सगळे नदीवर गेले. पाणी पुन्हा ओसरलं होतं. रेती धुऊन निघाल्यासारखी स्वच्छ होती आणि तिच्यात कुठे कुठे वेलीची मुळं उघडी पडली होती. विधी करायला आलेले महाराज तालुक्याचे होते, त्यांना आणखी दोन घरी जायचं होतं. काठावरून खाली उतरायच्या आधी त्यांनी रीतीप्रमाणे मोबाइल काढला आणि पडदा सगळ्यांना दाखवला.

“शून्य आहे. चला, रेतीवरच मांडू.”

लोक उतरायला लागले. फागोजी हातात पिंडांचं ताट घेऊन उभेच राहिले. मग त्यांनी मान वळवून, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच, चेतनाला विचारलं.

“बाई, हे खरं हाये का?”

महाराज थांबले. खाली उतरलेली माणसंही थांबून वर बघू लागली. चेतनाने महाराजांचा मोबाइल हातात घेतला. शून्य स्थिर होतं, ठळक होतं, त्याखाली रेघ नव्हती. ते धरणाहून आलं होतं की मोबाइलच्या मनातून, हे सांगायला जगात आता काहीच उरलं नव्हतं. ते तिनेच तसं करून ठेवलं होतं. आभाळ निरभ्र होतं. शंभरात नव्याण्णव वेळा ते खरंच असतं.

“मला माहीत नाही, बाबा,” ती म्हणाली.

फागोजींनी मान हलवली. खाली उतरलेल्यांना त्यांनी हाताने परत बोलावलं. पोरं काखेला मारून बाया चढू लागल्या. कोणी काही विचारलं नाही. ते ताट त्यांनी काठावर, उंबराच्या बुडाशी ठेवलं, आणि तिथेच, नदीपासून लांब, चेतनाच्या आईचे पिंड मांडले.